सांगून जा

दसऱ्याचं सोनं वाटून झालं की पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्यांवर ऊसतोडीला निघायची आवराआवर सुरू होते. पत्र्याच्या पेटीत बाजरीचं पीठ, तिखट, मीठ, काड्यापेट्या. गोधड्यांची गाठोडी. कोपीसाठी, म्हणजे तिकडच्या झोपडीसाठी, बांबू आणि वरून टाकायला ताडपत्री. चार कोंबड्या असतील तर त्यांची डालगी. आणि सगळ्यात वर, लागलीच हाताला येतील असे कोयते. मुकादमानं पाठवलेला ट्रॅक्टर बहुतेक वेळा रात्री उशिरा नाहीतर भल्या पहाटे वस्तीवर येतो. रात्री रस्ता मोकळा मिळतो, हे एक कारण. दुसरं कारण बाया आपसात बोलतात: तेव्हा लेकरं झोपलेली असतात.

गेल्या वर्षी माणिकदौंडीच्या बाजूच्या एका वस्तीवर मी ही पाठवणी पाहिली. पंचविशीतली बाई. अंगावरचं धाकटं बरोबर न्यायचं आणि चार वर्षांचा थोरला आजीजवळ ठेवायचा, असं घरात ठरलेलं. थोरला गाढ झोपला होता. तिनं आपली वापरातली साडी चौघडी करून त्याच्या उशाशी सारली. वास ओळखीचा असला म्हणजे सकाळपर्यंत उठणार नाही, असं तिनं मला दबक्या आवाजात सांगितलं. मग चपला हातात घेतल्या, कडी वाजू न देता दार ओढून घेतलं आणि अनवाणीच ट्रॅक्टरपर्यंत गेली. ट्रॉलीत चढल्यावर मात्र तिनं पदर तोंडात कोंबला होता.

मी पाथर्डीत मुक्कामाला होते, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथं गेले. पोरगा बांधावर बसला होता, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या जिथून वळतात तिथं. आजीनं त्याला सांगितलं होतं, आई बाजारला गेलीय. कुठल्याही गाडीचा आवाज आला की तो उभा राहायचा, गाडी निघून गेली की बसायचा. भाकरी त्यानं हातात धरून ठेवली होती, खाल्ली नव्हती. दहा-बारा दिवसांनी परत गेले तेव्हा तो अंगणात चाकाशी खेळत होता. आजी समाधानानं म्हणाली, "रुळलं आता लेकरू. आईचं नावसुद्धा काढीत नाही."

रुळलं. या एका शब्दासाठी मी हा लेख लिहायला बसले आहे.

आमच्या जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तरी बोलताना आम्ही नगरच म्हणतो. या नगरचे दोन भाग आहेत आणि ते एकमेकांवर उभे आहेत. उत्तरेला प्रवरा-गोदावरीचं पाणी, कालवे, ऊस. महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखानदारीची सुरुवात इथंच झाली. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीनं लोणीला उभा केलेला प्रवरेचा कारखाना १९५०च्या सुमारास सुरू झाला. मग कोपरगाव, राहुरी, संगमनेर, नेवासा, श्रीरामपूर या पट्ट्यात धुराडी उभी राहत गेली. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड. खडकाळ रान, एका पावसावरची बाजरी-तूर, आणि पलीकडे बीडची हद्द. तिकडचा ऊस तोडायला इकडची माणसं जातात. काही टोळ्या शेजारच्या नेवाशातच थांबतात, काही सांगली-कोल्हापूरला, काही कर्नाटकात आणि गुजरातेत. मुकादमाकडून उन्हाळ्या-पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती पुढच्या पाच-सहा महिन्यांत अंगमेहनतीनं फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेब कोयत्याचा होतो, माणसांचा होत नाही, आणि लेकरं तर कुठल्याच हिशेबात येत नाहीत.

मायेचं पालकत्व, मुलांचं भावनिक आरोग्य असे शब्द आता नगर शहरातल्या शाळांच्या पालकसभांतही ऐकू येतात. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, की ज्या आईला लेकराजवळ बसायला दिवसातली पंधरा मिनिटं मिळत नाहीत तिच्यापासून या विषयाची सुरुवात केली तर तो खरा कळेल. शहरात, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये काय करायचं, ते त्यातून आपोआप उमगतं.

आजी म्हणाली त्या 'रुळण्या'चा अर्थ जगाला एका बॉयलर सांभाळणाऱ्या माणसामुळे कळला. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते. अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मनोविश्लेषकांनी हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली होती. तिथं जेम्स रॉबर्टसन नावाचा स्कॉटिश तरुण बॉयलर आणि दुरुस्तीची कामं बघायचा. त्याची बायको जॉइस मुलांकडे बघायची. अॅना फ्रॉइडची शिस्त अशी, की कामावरच्या प्रत्येकानं मुलांबद्दल जे दिसेल ते कागदावर टिपून ठेवायचं, बॉयलरवाल्यानंसुद्धा. असं टिपत टिपतच तो या विषयात शिरला. युद्धानंतर जॉन बोल्बी या मनोविकारतज्ज्ञाबरोबर तो इस्पितळातली मुलं बघू लागला. त्या काळी इंग्लंडमधल्या इस्पितळांत आईबापांना भेटायला फार थोडा वेळ दिला जायचा. आई आली की मूल रडतं, मग येऊच नये, असा परिचारिकांचा प्रामाणिक समज होता. न भेटता राहिलं की मूल शहाण्यासारखं वागतं, असं त्या सांगायच्या.

रॉबर्टसननं बघितलं ते वेगळं होतं. आधी मूल आकांत करतं, दाराकडे धावतं. मग आशा सुटते, ते मलूल होतं. आणि तिसऱ्या पायरीवर ते पुन्हा खेळू लागतं, खाऊ लागतं, कुणाच्याही कडेवर जातं. परिचारिका म्हणायच्या, सवय झाली. रॉबर्टसन म्हणाला, त्यानं आईची वाट बघणं बंद केलंय. ती आली तरी आता ते तिच्याकडे झेपावणार नाही. त्याचं कुणी ऐकेना, तेव्हा १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं हातातल्या कॅमेऱ्यानं एका दोन वर्षांच्या मुलीचे इस्पितळातले आठ दिवस चित्रित केले. ती मुलगी फारशी रडलीही नाही. ती रडू दाबत होती, हेच त्या फिल्ममध्ये दिसलं. डॉक्टरांनी आधी त्यालाच दोष दिला. पण १९५९ साली इंग्लंडच्या सरकारी समितीनं, प्लॅट समितीनं, आईबापांना मुलांना मोकळेपणानं भेटू द्यावं अशी शिफारस केली. आज आपल्याकडे बालरुग्ण विभागात खाटेशेजारी आई बसलेली असते ते आपल्याला साधं वाटतं. इंग्लंडात त्यासाठी काही माणसांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं.

माणिकदौंडीचा पोरगा दहा-बारा दिवसांत तिसऱ्या पायरीवर पोचला होता.

एप्रिल लागताना गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडतो आणि टोळ्या परततात. मी मुद्दाम तो दिवस साधला. बाई ट्रॉलीतून उतरली, सहा महिन्यांत काळवंडलेली, हाताच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. येताना त्याच्यासाठी बॅट आणली होती. पोरगा आजीच्या लुगड्याआड गेला. तिनं हात पुढे केला, त्यानं बॅट घेतली, पण तो तिच्याकडे गेला नाही. आसपासच्या बाया हसल्या, "वळख इसरला गं तुझी!" तीही हसली. रात्री तो आजीजवळच झोपला. चार-पाच दिवसांनी तो तिला चिकटला तो असा, की ती परसाकडला गेली तरी मागे. मग त्यावरून मार खाल्ला.

हे मला इतकं का लागलं ते सांगायला हवं. मी सहा वर्षांची असताना आईचं मोठं ऑपरेशन होतं. घरच्यांनी मला मढीच्या यात्रेला नेतो म्हणून सांगितलं. मी नवा परकर घालून एसटीत बसले. रेवड्या, पाळणे, गाढवांचा बाजार, सगळं डोळ्यांपुढे. एसटी मढीला गेलीच नाही. मला एका नातेवाइकांकडे सोडलं आणि मी अंगणात खेळत असताना सोडायला आलेलं माणूस मागच्या दारानं निघून गेलं. दीड महिना मी तिथं होते. त्या घरात माझे फार लाड झाले, काही उणं नव्हतं. पण त्या दीड महिन्यात मी स्वतःशी पक्कं केलं होतं की आई मेली आहे आणि हे लोक मला सांगत नाहीयेत. आई बरी होऊन आली. पुढं कित्येक वर्षं घरात कुणी नव्या कपड्यांत बाहेर पडलं, की मी मागच्या दाराशी जाऊन उभी राहायचे. ऑपरेशन आहे, आई पुष्कळ दिवस येणार नाही, पण येणार आहे, एवढं कुणी मला सांगितलं असतं तर मी रडले असते. रडून झालं असतं.

मूल रडू नये म्हणून आपण किती खोटं बोलतो! दुकानात जाऊन येते. आत्ता आलो. डॉक्टर फक्त बघणार, टोचणार नाहीत. आजोबा देवबाप्पाकडे फिरायला गेलेत. बालवाडीच्या दारातून मुलाचं लक्ष खेळण्याकडे लावून सटकायचं, हे तर आपण एकमेकींना शिकवतो. त्या क्षणी काम होतं. पण मुलाला त्यातून एवढंच शिकायला मिळतं, की नजर हटली की माणूस नाहीसं होतं. मग ते खेळतानाही अर्धं लक्ष दाराकडे ठेवतं, आणि आपण तक्रार करतो की याला एकट्याला रमताच येत नाही.

जी लेकरं बरोबर जातात त्यांचं वेगळं. फडात पहाटे चारला तोड सुरू होते, थंडी मी म्हणत असते. तान्हं साडीच्या झोळीत, जरा मोठं उसाच्या वाढ्याच्या ढिगावर गोधडीत. त्यांच्याजवळ आठ-दहा वर्षांची बहीण. तीच दूध पाजणार, तीच पाचटातल्या विंचू-काट्याकडे बघणार, तीच चूल पेटवणार. नेवासा तालुक्यात अशी एक पोर मी बघितली. धाकटा रडायला लागला की ती त्याला कडेवर घेऊन आईपर्यंत जायची, आई कोयता न थांबवता एकदा मान वळवून "आले रं" म्हणायची, आणि पोर त्याला घेऊन परत यायची. तासाभरात पाच वेळा. तो रडायचा थांबायचा ते त्या "आले रं"नं. आई येत नव्हती, येऊ शकत नव्हती; एक दिवसाचा खाडा म्हणजे वरून दंड. पण तिनं एकदाही 'गप बस' म्हटलं नाही. मी पुस्तकात वाचलेलं सगळं पालकत्व त्या मान वळवण्यात होतं, असं मला वाटतं. त्या मोठ्या पोरीकडे बघून मात्र कुणी मान वळवत नव्हतं, आणि तिचं तिसरीचं दप्तर गावी खुंटीला होतं.

या मुलांनी गावातच राहून शिकावं म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली. जिल्हा परिषदेच्या शाळेत दोन वेळचं जेवण, रात्री झोपायला आजी-आजोबांकडे किंवा शाळेत. त्याआधी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालायच्या. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर झाली. ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, आणि पहिल्या टप्प्यातल्या तालुक्यांत आमचे पाथर्डी आणि जामखेड होते. भगवानबाबांचा भगवानगड पाथर्डी तालुक्यातच आहे, त्यामुळे या नावाला इथं वजन आहे. मला हे चांगलं वाटतं. मुलगी शिकते, तिच्या हाती दहाव्या वर्षी झोळी येत नाही. पण वसतिगृहाचा विचार आपण ताट, गादी आणि हजेरी एवढाच करतो. संध्याकाळी दिवेलागणीला मुलांचे चेहरे उतरतात, त्या वेळी तिथं कोण असतं? गृहपालाला त्या तासासाठी काय शिकवलंय? माझ्या मते सगळी योजना त्या एका तासावर तोलली पाहिजे.

रॉबर्टसन नवरा-बायकोंनी पुढे जे केलं ते इथं थेट उपयोगाचं आहे. साठीच्या दशकाच्या अखेरीस, ज्यांच्या आया बाळंतपणासाठी इस्पितळात जाणार होत्या अशी चार लहान मुलं त्यांनी एकेक करून स्वतःच्या घरी सांभाळली. आधी ओळख करून घेतली. मुलांची अंथरुणं-खेळणी बरोबर आणू दिली. आईचा फोटो जवळ ठेवला आणि मुख्य म्हणजे रोज आईविषयी बोलले. मुलं बेचैन झाली, पण कोसळली नाहीत, आणि आया परत आल्यावर त्यांच्याकडे गेली. त्याच सुमारास सुसज्ज बालगृहात नऊ दिवस ठेवलेला दीड वर्षाचा एक मुलगा मात्र पार खचला. बालगृहातल्या बाया प्रेमळच होत्या. पण त्या पाळीनं बदलायच्या, आणि तो सगळ्यांचा असल्यामुळे कुणा एकीचा नव्हता.

आपल्या आज्या नेमकं उलटं करतात, आणि ते मायेपोटी. आईचं नाव काढू नका, उगीच आठवण येईल. फोन आला तर मूल झोपलंय म्हणून सांगतात, कारण फोननंतर ते तासभर हुंदके देतं. मी पाथर्डीकडच्या तीन-चार वस्त्यांवर आज्यांशी बोलले तेव्हा त्यांना सांगून बघितलं, की हुंदके येऊ द्या. आईची साडी त्याच्या अंगावर घाला, तिचं नाव घ्या, आज ती कुठल्या फडात असेल ते त्याला विचारा. एका आजीनं भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला सुरुवात केली, पोरगी रोज एक रेघ ओढते. आणखी एकीनं मला सुनावलं, की तुमचं बोलणं बरोबर असेल बाई, पण माझ्यापाशी पाच लेकरं हैत, एक रडलं की पाची रडतात. तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. साठी उलटलेली बाई पाच नातवंडं, दोन शेळ्या आणि आपला गुडघा सांभाळत सहा महिने काढते.

म्हणूनच मला वाटतं, की आईनं प्रेमळ असावं हे सांगण्याआधी आईशी कोण प्रेमानं वागतं ते विचारावं. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, १९७९मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. खेड्यापाड्यांतल्या, पुष्कळशा निरक्षर बायांना त्यांनी आरोग्यसेविका केलं. ज्यांना घरात नावानं कुणी हाक मारत नव्हतं अशा बायांना बसवून त्यांचं म्हणणं ऐकायचं, ही त्या कामाची सुरुवात होती. औषधाची पेटी नंतर आली. त्याच बायांनी मग गावातली लेकरं जगवली. शिंगवे नाईकला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांची माउली संस्था रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते. त्यांतल्या कितीतरींना मुलं आहेत. आई मनोरुग्ण आहे म्हणून ती मुलं तोडून दुसरीकडे पाठवलेली नाहीत, ती तिथं आयांजवळच वाढतात. या दोन ठिकाणांकडे बघितलं की कळतं, आईला आधार मिळाला की मुलाची निम्मी काळजी मिटते.

मारण्याबद्दल एक शब्द. शाळेत मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं बंद केलं. घरात कायदा पोचत नाही. चौदा तास मोळ्या वाहून आलेली बाई पोराच्या पाठीत धपाटा घालते, तिला मी उपदेश करणार नाही. पण एसीत बसून परीक्षेच्या मार्कांसाठी पोराला झोडपणाऱ्या बापाला करीन. त्याच्याकडे सवड आहे, शब्द आहेत, पुन्हा समजावून सांगायला उद्याचा दिवस आहे. आणि ज्या घरात मूल महिनोन्महिने गप्प आहे तिथं 'रुळलं' म्हणून समाधान मानू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, फोन करावा.

२०२४च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती बऱ्याच भांडणानंतर. बोलणी दरावर आणि मुकादमाच्या कमिशनवर झाली. टोळ्या उतरतात त्या तळावर पाळणाघर हवं, यासाठी ती बोलणी अडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. प्रत्येक कारखान्याला आपल्या तळावर किती कोयते उतरले ते माहीत असतं. किती लेकरं उतरली ते त्याच वहीत लिहायला काय हरकत आहे? तळाला एक पक्की खोली, पहाटे चारपासून दोन बाया, दूध, आणि त्या दोन बाया हंगामभर त्याच राहतील अशी सोय. टनामागे किती पैसे पडतील याचा हिशेब कारखान्याचे चीफ अकाउंटंट अर्ध्या तासात करू शकतील. उत्तरेतल्या कारखान्यांच्या संचालकांना माझं हात जोडून सांगणं आहे, या गळितात तो हिशेब करायला लावा.

आणि ज्यांच्या शेतात यंदा टोळी उतरेल त्यांनी वाढं कुणाला किती द्यायचं ते ठरवताना तिथल्या लेकरांची नावंही विचारून घ्यावीत. नावानं हाक मारणारं एक माणूस फडाजवळ असलं तर त्या पोराचा दिवस वेगळा जातो.

माणिकदौंडीच्या बाईची उचल फिटली नाही, त्यामुळे ती यंदाही निघाली आहे. उन्हाळ्यात ती माझ्याशी बोलली होती, तो मला आई म्हणेना तेव्हा पोटात कालवलं म्हणून. या वेळी नवरात्रातच तिनं पोराला जवळ घेऊन सांगितलं. कुठं जाणार, कशासाठी, आणि शिमगा झाल्यावर, आंब्याला कैऱ्या लागल्या की येणार. तो रडला, मग त्यानं आणखी चार दिवस तेच तेच विचारलं, आणि तिनं चारी दिवस तेच सांगितलं. ट्रॅक्टर लक्ष्मीपूजनानंतर येणार आहे. कितीही वाजता आला तरी पोराला उठवायचं ठरलं आहे.